निळ्या बादलीतला नववा

१४ जानेवारी

मी टाक्या धुते त्या संशोधन केंद्रातल्या डॉक्टर ओर्सोलाने आज नवी वही दिली. जुनी टाकीत पडून भिजली. नव्या वहीत तिने पट्टीने चार रकाने आखून दिलेत: तारीख, पाण्याचं तापमान, काय खाल्लं, शेरा. फक्त नवव्या टाकीसाठी. महिनाभराची पानं आखलीत, बाकीची कोरी आहेत.

"उरलेली पानं तुमची, मावशी," ती म्हणाली. "मनात येईल ते लिहा. हलकं वाटतं म्हणतात."

"मला जड कुठे वाटतंय?" मी म्हटलं.

 ती तापमापक धुवायला गेली. तो मी नुकताच धुतला होता.

खरंच काही वाटत नाही. माझ्या नवऱ्याला, प्रोकोलोला, जाऊन आज पंचावन्न दिवस झाले. गल्लीतल्या बायका माझ्या तोंडाकडे बघतात, रडू येतंय का म्हणून. येत नाही. लिहायचंच तर झालं तसं लिहून ठेवते.

२० नोव्हेंबर, सकाळी साडेसात. मी नेहमीप्रमाणे धक्क्यावर उभी होते. त्याने बोट लावली. बादली उजव्या हातात होती, डावा हात खिशात. बादली माझ्यापुढे ठेवली आणि तो दोर बांधायच्या दगडी खुंटावर बसला. चेहरा घामाने भिजलेला होता, पण दमला की त्याला घाम येतोच. बादलीत ऑक्टोपस जिवंत होता. बादलीच्या पाण्यात ते फार वेळ टिकत नाहीत. म्हणून मी एक शब्दही न बोलता बादली उचलली आणि केंद्राकडे पळाले. नववी टाकी भरली, पाणी सारखं केलं, तो आत सोडला आणि मडक्यात शिरून बसेपर्यंत थांबले. अर्धा तास गेला असेल. परत आले तर माझा दीर अनिएल्लो टोपी हातात घेऊन उभा होता.

डोक्यातली नस फुटली, असं दवाखान्याच्या डॉक्टरने सांगितलं.

ती निळी बादली अजून नवव्या टाकीखालीच आहे. घरी न्यायची राहून जाते.

१६ जानेवारी

आमचं केंद्र लहान आहे. खाली टाक्या, वर चुंबक, म्हणजे एमआरआयचं यंत्र. ओर्सोला उत्तरेकडच्या डोंगरातली, समुद्र तिने विसाव्या वर्षी पाहिला. ऑक्टोपसाच्या हातातून निघालेला मज्जातंतू मेंदूत नेमका कुठे पोचतो, ते तिला बघायचंय. हाताच्या मुळाशी ती मँगेनीजचं मीठ टोचते. ते मीठ तंतूच्या आतून पुढे पुढे सरकत जातं, भिंतीत ओल चढते तसं. दोन दिवसांनी ऑक्टोपसाला झोपेच्या मिठाच्या पाण्यात निजवून चुंबकात ठेवतात. एमआरआयच्या चित्रात तो रस्ता पांढरा उजळतो. मग त्याला उठवत नाहीत. मेंदू काढून पुन्हा सावकाश चित्र घेतात, दोन्ही ताडून बघायला.

आठ झाले. चौथ्याच्या वेळी जमीन हलली आणि चित्र विस्कटलं. आमच्या पोत्सुओली गावात जमीन हलायचीच, पण ओर्सोला दोन दिवस कोणाशी बोलली नाही. म्हणून नववा हवा. मार्चमध्ये तिची मुदत संपते.

आठही प्रोकोलोने आणले, मडक्यांत धरलेले. तळाशी दोराने मडकी सोडायची, ऑक्टोपस घर समजून आत बसतो, मग ओढून घ्यायची. केंद्राला गळाने धरलेला चालत नाही. काट्याचा तुकडा मांसात राहिला तर चित्रात तिथे काळं भोक पडतं, आणि चुंबक तो तुकडा ओढतो, आत फाटतं. म्हणून दर वेळी कोळ्याने कागदावर लिहून सही करायची: मडकं की गळ.

प्रोकोलो ती सही छाती काढून करायचा. शाळा तिसरीपर्यंत, पण सही अशी की बँकेच्या साहेबाने शिकावी. या कामात त्याचा एकच नियम होता. केंद्राचा ऑक्टोपस जिवंत येणार, केंद्राच्या पांढऱ्या, झाकण असलेल्या बादलीत. घरचा मेलेला येणार. घरचा तो बोटीतच मारायचा, एका हाताने धरून दुसऱ्याने डोक्याची पिशवी उलटी करायची की क्षणात संपतो.

तापमान सोळा. दोन खेकडे खाल्ले.

१९ जानेवारी

नववा माझ्याशी नीट वागतो. मी झाकण उघडलं की मडक्यातून डोळा वर येतो. सात हात काचेवर पसरतो. डावीकडचा तिसरा आखडून ठेवतो, खेकडा धरायलाही वापरत नाही. शेऱ्यात लिहिलं.

चुंबक चालवणारा तुल्लिओ कॉफी घेऊन खाली आला. तो एकटा माझ्यासमोर प्रोकोलोचं नाव घ्यायला घाबरत नाही.

"मावशी, तुम्हाला एक गंमत सांगायची राहिली. काका ऑक्टोबरात एकदा वर आले होते. चुंबकाकडे बघत बसले. मग विचारतात, 'यात माणूस मावतो का रे?' मी म्हटलं, 'काका, हे ऑक्टोपसाच्या मापाचं बीळ आहे. माणसाचा फार तर कोपरापर्यंत हात जाईल.' तर म्हणतात कसे, 'मला तेवढंच हवंय.'"

तुल्लिओ खूप हसला. मीही हसले असेन. प्रोकोलोला थट्टेची खोड होतीच.

दोन खेकडे, एक शिंपला.

२३ जानेवारी

अनिएल्लो पाव आणि चीज घेऊन आला. त्याने भावजयीची जबाबदारी घेतलीय असं गल्लीत सांगतो. खुर्चीवर बसला, शेगडीकडे बघितलं, म्हणाला, "वहिनी, ही शेगडी नवी घेतली का? एवढी चकचकीत कशी?"

"वापरत नाही म्हणून."

"मग खाता काय?"

"खाते."

"त्या आठ हातवाल्याला रोज ताजे खेकडे, आणि आमच्या वहिनी हवा खातात. भाऊ असता तर—" आणि थांबला.

मग बोटीचं काढलं. बोट अर्धी त्याची आहे. पुढच्या आठवड्यात वर ओढून रंग द्यायचाय. "मडक्यांचं काय करू? माझ्या कोठीत जागा अडवून बसलीत. दोर सुकून काठीसारखे झालेत."

"राहू दे तिथेच," मी म्हटलं.

तो जरा माझ्याकडे बघत राहिला. मग टोपी घालून उठला.

तो गेल्यावर कपाट लावलं. प्रोकोलोचे सदरे. शेवटचे दोन-तीन महिने त्याला एक लाड सुचला होता. सकाळी माझ्यापुढे उभा राहायचा आणि बटणं मला लावायला लावायचा. "छत्तीस वर्षांनी तरी जरा लाड कर," म्हणायचा. मी चिडायची, मला उशीर व्हायचा. कपही फोडायचा. त्या शरदात चार फोडले. मी म्हटलं होतं, म्हातारा व्हायला लागलास.

कॉफीच्या किटलीने बोट भाजलं. फोड आलेला संध्याकाळी दिसला. भाजलं तेव्हा कळलं नाही.

२७ जानेवारी

ओर्सोला कागद घेऊन आली. नवव्याचा कागद कोराच आहे. मंजुरी समितीला तो लागतो, त्याशिवाय टोचता येत नाही. ४ फेब्रुवारीला सकाळी नऊला टोचायचं ठरलंय.

"मावशी, काकांच्या जागी तुम्ही सही केलीत तरी चालेल, असं समिती म्हणते." कागद माझ्या हातात द्यावा की टेबलावर ठेवावा, हे तिला कळेना. "मडक्यातलाच ना हा?"

"त्याने केंद्राला दुसरा कधी आणलाय?"

"तसं नाही म्हणत मी. तुम्हाला माहीत आहे म्हणून विचारलं. घाई नाही. पण तीन तारखेपर्यंत."

"आणि गळ लिहिलं तर?"

"तर मग हा आपल्या कामाचा नाही. परत समुद्रात."

कागद वहीत ठेवलाय.

२९ जानेवारी

वाचन मी नवऱ्याच्या घरी येऊन शिकले. रद्दीवाल्याकडून प्रोकोलो पुस्तकं आणायचा, वजनावर, काय आहे ते न बघता. आता ओर्सोलाची घेते. तिचे कागद शब्दकोश घेऊन वाचते, अर्धं कळतं. काल त्यात होतं की ऑक्टोपसाचे दोन तृतीयांश मज्जातंतू हातांत असतात. तोडलेला हात बराच वेळ आपलं काम करत राहतो. काही लागलं तर धरतो, आणि तोंड जिथे असायला हवं तिकडे नेतो.

मी रोज सहाला उठते. टाक्या धुते. तापमान लिहिते.

कागदावर 'गळ' हा एक शब्द लिहिला तर नववा मरायचा वाचतो. प्रोकोलोने धरलेला शेवटचा जीव. खोटं लिहिलं तरी नवव्याचं काही वाकडं होत नाही. पण मग वर सगळे म्हणतील, प्रोकोलोने केंद्राला गळाचा आणला. आणि आमच्याकडे सकाळी वर बोललेलं दुपारी धक्क्यावर पोचतं. बोट अर्धी भावाची आहे, घर भाड्याचं. शब्द तेवढा त्याचा एकट्याचा होता.

तो गेला त्याच्या आदल्या रात्रीचं आठवलं. जेवायला बटाटे होते. मी म्हटलं, "कोळ्याची बायको मी, आणि दोन वर्षांत ऑक्टोपस ताटात नाही. सगळे शास्त्राच्या ताटात." तो म्हणाला, "बटाटे चांगले झालेत." आमचं शेवटचं बोलणं म्हणायचं तर एवढंच.

३१ जानेवारी

सही केली. लिहिलं: मडकं.

ओर्सोलाने माझा हात धरला. तिचे हात कायम गार असतात. मला तिची कीव आली, ती माझी करत होती म्हणून.

नवव्याला तीन खेकडे घातले. दोनच घालायचे असतात. शेऱ्यात लिहिलं नाही.

३ फेब्रुवारी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जमीन हलली. बशा वाजल्या. काही पडलं नाही.

दुपारी अनिएल्लो केंद्रात आला, रंगाने माखलेला. बोट वर काढली होती. हातात बुचावर गुंडाळलेली दोरी होती. "हे फळीखाली सापडलं. तुमच्याकडे असू द्यावं म्हटलं."

गळाची दोरी. टोकाला शिसं आणि तीन काटे. दोन काटे वाकडे, तिसरा मधेच तुटलेला. तुटलेली कड चकाकत होती, गंज बाहेरून नुकता लागू लागलेला.

"ही जुनी असेल," मी म्हटलं.

"जुनी कशी? सप्टेंबरात माझ्या देखत घेतली त्याने."

"तो मडकी टाकायचा."

अनिएल्लो स्टुलावर बसला. टोपी काढली. "वहिनी, मडकी ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून माझ्या कोठीत आहेत. सांगितलं की मी तुम्हाला, दोर काठीसारखे झालेत. एका हाताने दोर ओढता येतो का कोणाला?"

"एका हाताने म्हणजे?"

"डावा मेला होता त्याचा. बोटं मिटायची नाहीत. आठवा आणला ना सप्टेंबरात, त्याची मडकी मी ओढून दिली. म्हणाला, तुझ्या वहिनीला, राकेलेला, बोललास तर बघ. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? अहो, एका घरात राहता!"

मी म्हटलं, "सदऱ्याची बटणं मी लावायची."

"मग?"

"मग काही नाही."

तो गेला. मी नवव्याच्या टाकीसमोर बसले. तिसरा हात आखडलेला. दोन महिने मी रोज लिहितेय, तिसरा हात आखडलेला.

म्हणजे प्रोकोलोने केंद्राला गळाचा आणला. मी हे वाक्य दोनदा लिहून बघितलं. मग टाकीखाली पाय लागला आणि बादली वाजली.

निळी बादली. आमची. स्वयंपाकघरातली.

केंद्राची पांढरी असते, झाकणाची. पांढरी त्या दिवशी बोटीत होतीही, अनिएल्लोने नंतर आणून दिली, कोरडी. त्याने हा निळ्या बादलीत आणला. घरचा मेलेला येतो, पण मारायला दोन हात लागतात. त्याच्याकडे एक होता. म्हणून घरचा जिवंत आला. आणि जिवंत दिसला म्हणून मी बादली उचलून केंद्राकडे पळाले.

तो खुंटावर बसला होता. मी मागे वळूनही बघितलं नाही.

४ फेब्रुवारी

आठ वाजता ओर्सोला हातमोजे घालत होती. मी कागद मागितला. 'मडकं' खोडलं, 'गळ' लिहिलं, खाली पुन्हा सही केली.

"हे काय?" तिने कागद उलटा करून बघितला, मागे काही असेल तसं. "चार दिवसांपूर्वी तर तुम्ही..."

"चुकलं माझं. काटा आत आहे. तिसऱ्या हातात."

"मावशी, तासाभरात टोचायचंय! तुम्हाला तो वाचवायचाय, मला दिसतं, मी आंधळी नाही. पण असं?"

मी गळाची दोरी, तुटक्या काट्यासकट, तिच्या टेबलावर ठेवली. तुल्लिओने ती उचलून तुटकी कड नखाने तपासली. मग दोऱ्याला वाटाण्याएवढं चुंबक बांधून आणलं. नवव्याला झोपेच्या पाण्यात घेतलं. तो ढिला पडल्यावर तुल्लिओने दोरा एकेका हातावरून नेला. पहिला, दुसरा, काही नाही. तिसऱ्यावर चुंबक तिरकं झालं आणि कातडीला जाऊन चिकटलं. तीनदा केलं. तीनदा तिथेच.

ओर्सोला बसली. "मग आधीचे आठ? तेही असेच आणले असतील तर?"

"डॉक्टर," तुल्लिओ म्हणाला, "आठांची चित्रं तुमच्याकडे आहेत. एकात तरी काळं भोक आहे? काकांची सही बघायचीय तर तिथे बघा."

 ओर्सोलाचे डोळे बदलले. "काटा काढता येईल. दहा मिनिटांचं काम. जखम पंधरा दिवसांत भरेल. समितीला मी समजावते. म्हणजे फेब्रुवारीअखेर..."

"नाही," मी म्हटलं.

"मावशी, माझ्याकडे दुसरा नाही. या थंडीत कोण आणून देणार? चौथा गेला, हाही गेला तर माझ्याकडे सातच राहतात."

"डॉक्टरबाई, हा तुमच्यासाठी आलाच नव्हता. हा माझ्या जेवणाला आला होता. निळ्या बादलीत आला. चुकून इथे आणला, मी. कागद कोरा राहिला, ते प्रोकोलो मेला म्हणून नव्हे. यावर तो सही करणारच नव्हता."

एवढं मी नोव्हेंबरपासून एका दमात बोलले नसेन. तुल्लिओ खिडकीबाहेर बघत होता. ओर्सोला निजलेल्या नवव्याकडे. त्याचा रंग पांढरा पडला होता, मिठाची गुंगी उतरेपर्यंत तसाच राहतो.

"सात," ती शेवटी म्हणाली. "सातांवर लिहीन. लोक हसतील, हसू देत." मग चिमटा उचलला. "काटा मात्र काढूनच देते. आत ठेवून सोडवणार नाही मला."

दहा नव्हे, वीस मिनिटं लागली. काटा तिने छोट्या नळीत घालून माझ्या खिशात टाकला. नखाएवढा आहे.

नववा संध्याकाळी जागा झाला. काही खाल्लं नाही. मँगेनीजचं मीठ टोचलेलं नसल्यामुळे सोडायला आडकाठी नाही, असं समितीने कळवलं.

५ फेब्रुवारी

बादली घेऊन धक्क्यावर गेले. ओर्सोला आली नाही, खिडकीत उभी होती. अनिएल्लो ब्रश हातात घेऊन बोटीखालून बाहेर आला.

"अहो वहिनी, दोन महिने केंद्राचे खेकडे खाऊन काय लुसलुशीत झालाय! घरी बायकोला पाणी ठेवायला सांगू?"

"तुझी जीभ आधी उकड."

"भावाने धरलाय तुमच्यासाठी. सोडणं बरं नव्हे."

"आणला, ते मला मिळालं."

 तो बादली धरायला वाकला, मी धरू दिली नाही.

त्या खुंटावर मी आजपर्यंत बसले नव्हते. बसले, कारण पाण्यापर्यंत हात तिथूनच पोचतो. नवव्याला उचलायला हात घातला तर त्याने मनगटापासून कोपरापर्यंत विळखा घातला. सात हातांनी. आठवा, टाका घातलेला, बाजूला होता. मग तोही आला, हळू, आणि अंगठीपाशी थांबला. मी हात पाण्यात धरून राहिले. तो सुटेना. मी ओढला नाही. अनिएल्लो म्हणाला, "हिसडा द्या, वहिनी." नाही दिला.

कधी सुटला ते कळलं. त्याच्या हातांवरची एकेक चिकट वाटी सुटताना माझी कातडी ओढली गेली. मग पाणी गढूळ झालं आणि तिथे कोणी नव्हतं.

हातावर कोपरापर्यंत लाल गोल उमटले. दुखलं. अजून दुखतंय, लिहिताना.

आजचे रकाने भरायला हवेत, ओर्सोला रिकाम्या जागा सोडू देत नाही. नवव्याचे दोन खेकडे उरले होते. ते घरी आणले. शेगडी पेटवली, लसूण, टोमॅटो.

५ फेब्रुवारी. तापमान: घेतलं नाही. काय खाल्लं: दोन खेकडे. शेरा: दोन्ही संपवले, पायांसकट.